न पोचलेली नेमणूकपत्रं : मार्बरी विरुद्ध मॅडिसन, १८०३

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जेम्स मार्शल नावाच्या गृहस्थांनी दिलेलं एक प्रतिज्ञापत्र आहे. ४ मार्च १८०१ रोजी त्यांना कुणीतरी सांगितलं, की वॉशिंग्टनजवळच्या अलेक्झांड्रियात आज रात्री दंगा होण्याची भीती आहे. गावी परतण्याच्या घाईत ते वॉशिंग्टनच्या परराष्ट्र खात्याच्या कचेरीत गेले आणि अलेक्झांड्रियाच्या नव्या दंडाधिकाऱ्यांची नेमणूकपत्रं त्यांनी ताब्यात घेतली. बारा असावीत, असं ते सांगतात. त्यांनी पोच लिहून दिली. मग लक्षात आलं, की एवढी सगळी बरोबर नेणं सोयीचं नाही. काही पत्रं त्यांनी परत ठेवली आणि पोचपावतीवरच्या त्या त्या नावांवर लेखणीनं रेघ मारली.

अशाच, कचेरीत राहून गेलेल्या कागदांमधून एक खटला उभा राहिला. कायदेमंडळानं रीतसर संमत केलेला कायदा राज्यघटनेशी विसंगत असेल तर न्यायालय तो निष्प्रभ ठरवू शकतं, हे तत्त्व या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्वतःच्या नावानं पहिल्यांदा वापरलं. आपण त्याला न्यायिक पुनर्विलोकन म्हणतो.

ज्या न्यायालयापुढे हे प्रतिज्ञापत्र आलं त्याचे सरन्यायाधीश जॉन मार्शल हे जेम्स यांचे थोरले भाऊ. आणि ती पत्रं मोहोर लावून रवाना करण्याचं काम ज्यांच्या खात्याचं होतं, ते मावळते परराष्ट्रमंत्रीही जॉन मार्शलच. त्या काळी सरकारची मोठी मोहोर याच खात्याकडे असे. पुढचं सगळं वाचताना ही गोष्ट मनात ठेवावी. मी तिच्याकडे परत येणार आहे.

सत्तांतराचे दिवस

१८०० च्या निवडणुकीत अध्यक्ष जॉन ॲडम्स हरले. त्यांना निर्वाचक मंडळाची ६५ मतं पडली. विरोधी रिपब्लिकन पक्षाचे (आजचा त्याच नावाचा पक्ष नव्हे) थॉमस जेफरसन आणि ॲरन बर यांना प्रत्येकी ७३. बरोबरी झाल्यामुळे निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली आणि तिथे मतदानाच्या ३६ व्या फेरीत, १७ फेब्रुवारी १८०१ रोजी, जेफरसन निवडून आले. राज्यघटना लागू होऊन जेमतेम बारा वर्षं झाली होती. एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे सत्ता जाण्याची ही पहिलीच वेळ. ती शांतपणे जाईल की नाही, याची खात्री कुणालाच नव्हती.

ॲडम्स यांच्या फेडरलिस्ट पक्षाच्या हातून अध्यक्षपद गेलं, काँग्रेसमधलं म्हणजे संसदेतलं बहुमतही गेलं. उरलं न्यायखातं. जाता जाता त्यांनी तिथे आपली माणसं बसवायला सुरुवात केली. १३ फेब्रुवारीच्या कायद्यानं सर्किट न्यायालयांसाठी, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाखालच्या केंद्रीय न्यायालयांसाठी, १६ नवी न्यायाधीशपदं तयार झाली. सर्वोच्च न्यायालयात पुढची जागा रिकामी झाली की सहाऐवजी पाचच न्यायाधीश राहतील, अशीही तरतूद झाली; म्हणजे जेफरसन यांना पहिली नेमणूक करताच येऊ नये. २७ फेब्रुवारीला राजधानीच्या जिल्ह्याचा कायदा झाला आणि त्याखाली ॲडम्स यांनी ४२ दंडाधिकारी नेमले. २ मार्चला नावं सिनेटकडे गेली, ३ मार्चला मंजूर झाली, अध्यक्षांच्या सह्या झाल्या, मोहोर लागली. ४ मार्चला जेफरसन यांचा शपथविधी झाला.

हे दंडाधिकारीपद, म्हणजे तिकडचं जस्टिस ऑफ द पीस, तसं किरकोळ होतं. मुदत पाच वर्षांची, दिवाणी अधिकार २० डॉलरपर्यंतच्या मागण्यांपुरता. ज्यांची पत्रं कचेरीत राहून गेली त्यांपैकी विल्यम मार्बरी हे जॉर्जटाउनचे सधन व्यापारी. या पदावाचून त्यांचं काही अडलं नव्हतं. पण पद लहान असलं तरी हक्क लहान होत नाही, आणि निकालपत्रात हे वाक्यावाक्यात जाणवतं.

राहिलेली पत्रं देऊ नयेत, असं जेफरसन यांनी सांगितलं. त्यांचं म्हणणं असं, की खरेदीखत हाती पडल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही, तसंच नेमणूकपत्राचं आहे. परराष्ट्रमंत्री झालेले जेम्स मॅडिसन तेव्हा वॉशिंग्टनमध्ये आलेलेही नव्हते. मे महिन्यापर्यंत त्यांचं काम ॲटर्नी जनरल लेव्ही लिंकन यांनी पाहिलं. तरीही खटल्याला नाव चिकटलं ते मॅडिसन यांचं.

दुबळं न्यायालय

आजच्या सर्वोच्च न्यायालयाचं चित्र डोळ्यांसमोर आणलं तर हा खटला समजत नाही. तेव्हा या न्यायालयाला स्वतःची इमारत नव्हती; कॅपिटॉलमधल्या तळमजल्यावरच्या एका समिती-खोलीत ते बसे. न्यायाधीशांना वर्षातले कित्येक महिने घोड्यावरून नाहीतर गाडीतून सर्किट फिरावं लागे, म्हणजे गावोगाव जाऊन खालची न्यायालयं चालवावी लागत. ऑलिव्हर एल्सवर्थ यांनी राजीनामा दिल्यावर ॲडम्स यांनी पहिले सरन्यायाधीश जॉन जे यांनाच पुन्हा विचारलं. सिनेटनं मंजुरीही दिली. जे यांनी नकार कळवला. या व्यवस्थेत न्यायालयाला ना वजन, ना प्रतिष्ठा, असं त्यांचं मत झालं होतं. मग ॲडम्स यांनी आपल्याच परराष्ट्रमंत्र्यांचं नाव पुढे केलं. मार्शल यांनी ४ फेब्रुवारी १८०१ रोजी शपथ घेतली आणि पुढचा महिनाभर ते दोन्ही पदांवर राहिले.

डिसेंबर १८०१ मध्ये मार्बरी आणि आणखी तिघे थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचे वकील चार्ल्स ली हे ॲडम्स यांच्या काळातले ॲटर्नी जनरल. मागणी साधी होती : मॅडिसन यांना परमादेश, म्हणजे अधिकाऱ्याला त्याचं कर्तव्य करायला लावणारा न्यायालयाचा आदेश, द्यावा आणि नेमणूकपत्रं आमच्या हवाली करायला लावावं. थेट वरच्या न्यायालयात येण्यासाठी त्यांनी आधार घेतला तो १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याच्या कलम १३ चा. सार्वजनिक पदावरच्या व्यक्तींना परमादेश काढण्याचा अधिकार त्या कलमानं सर्वोच्च न्यायालयाला दिलेला होता.

न्यायालयानं मॅडिसन यांना कारणे दाखवा नोटीस काढली आणि नव्या काँग्रेसचा राग उसळला. ८ मार्च १८०२ रोजी तिनं १८०१ चा कायदाच रद्द केला; १६ नवे न्यायाधीश घरी गेले. एप्रिलच्या कायद्यानं न्यायालयाच्या बैठकांचं वेळापत्रक असं बदललं, की ते फेब्रुवारी १८०३ पर्यंत बसूच शकलं नाही. देशाचं सर्वोच्च न्यायालय चौदा महिने बंद. न्यायालय किती दुबळं होतं, हे सांगायला आणखी काही लागत नाही.

सुनावणीतली शांतता

फेब्रुवारी १८०३ मध्ये सुनावणी झाली तेव्हा मॅडिसन आले नाहीत, त्यांचा वकीलही आला नाही. नेमणुका मंजूर केल्याची आपल्या कामकाजाची नोंद द्यायला सिनेटनं नकार दिला होता. परराष्ट्र खात्यातले दोन कारकून, जेकब वॅगनर आणि डॅनियल ब्रेंट, नाखुशीनं साक्षीला उभे राहिले. लेव्ही लिंकन यांनी प्रश्न आधी लेखी मागितले, विचारासाठी वेळ घेतला आणि पत्रांचं शेवटी काय झालं, या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. सह्या झाल्या होत्या, मोहोर लागली होती, एवढंच कसंबसं सिद्ध झालं. त्यात जेम्स मार्शल यांच्या प्रतिज्ञापत्राचीही भर पडली.

आता न्यायालयापुढे दोन वाटा दिसत होत्या आणि दोन्ही वाईट. परमादेश काढावा तर मॅडिसन तो पाळणार नाहीत, हे स्पष्ट होतं, आणि पाळायला लावायला न्यायालयाकडे कुणी नव्हतं. काढू नये, तर सत्तेला घाबरून नागरिकाचा हक्क सोडून दिला असं होणार.

तीन प्रश्न आणि त्यांचा क्रम

निकाल २४ फेब्रुवारी १८०३ रोजी आला, एकमतानं. सहापैकी चारच न्यायाधीश हजर होते : मार्शल, विल्यम पॅटरसन, सॅम्युअल चेस आणि बुशरॉड वॉशिंग्टन. मार्शल यांनी तीन प्रश्न मांडले. मार्बरींना पत्रावर हक्क आहे का? असेल आणि तो डावलला गेला असेल, तर कायद्यात त्यावर उपाय आहे का? आणि तो उपाय म्हणजे या न्यायालयाचा परमादेश का?

वकिली शिस्त याच्या उलट आहे. खटला ऐकण्याचा अधिकार आहे का, हे आधी पाहायचं. नसेल तर बाकी काही बोलायचं नाही. मार्शल यांनी तो प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला. त्यामुळे अधिकारक्षेत्र नाही म्हणून हात वर करण्याआधी सरकार चुकलं आहे, हे न्यायालयाला सांगता आलं. जेफरसन यांना याचाच शेवटपर्यंत संताप होता, आणि तो अगदीच अकारण नव्हता.

पहिलं उत्तर : हक्क आहे. अध्यक्षांनी सही केली आणि मोहोर लागली, की नेमणूक पुरी झाली. पत्र हातात देणं ही सोय आहे, नेमणुकीचा भाग नाही. पद ठरावीक मुदतीचं आहे, अध्यक्षांच्या मर्जीवरचं नाही. म्हणून ते परत घेता येत नाही.

दुसरं उत्तर मला या निकालपत्रातलं सर्वांत मोलाचं वाटतं, आणि त्याची चर्चा फार थोडी होते. मार्शल विचारतात, मंत्र्याच्या कृतीची तपासणी न्यायालय करू शकतं का? आणि ते भेद करतात. जिथे मंत्री अध्यक्षांच्या राजकीय विवेकाचा नुसता हात म्हणून काम करतो, परराष्ट्र धोरण ठरवतो, कुणाला नेमायचं ते सुचवतो, तिथे न्यायालयानं पडू नये. त्याचा हिशेब मतदार करतील. पण जिथे कायद्यानंच मंत्र्यावर एक ठरावीक काम सोपवलं आहे आणि त्या कामावर एखाद्या माणसाचा हक्क अवलंबून आहे, तिथे मंत्री हा कायद्याचा नोकर आहे. ते काम तो मर्जीनुसार अडवून धरू शकत नाही. हे राज्य माणसांचं नव्हे, कायद्याचं म्हणवतं. हक्क डावलला गेला आणि दाद मागायला जागाच नाही, असं असेल तर ते नाव त्याला शोभणार नाही, असं मार्शल लिहितात. सरकारी अधिकाऱ्याच्या कामात न्यायालयानं कुठे लक्ष घालावं आणि कुठे घालू नये, ही रेषा यात इतकी नीट आखलेली आहे, की पुनर्विलोकनाचा भाग बाजूला ठेवला तरी हे निकालपत्र टिकलं असतं.

तिसरं उत्तर : नाही. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार सर्वोच्च न्यायालयात खटला पहिल्यांदाच दाखल करता येतो तो राजदूत, इतर राजनैतिक प्रतिनिधी आणि वाणिज्यदूत यांच्याशी संबंधित किंवा एखादं राज्य पक्षकार असलेल्या प्रकरणांत. बाकी सगळीकडे त्याचा अधिकार अपिलाचा. मार्बरी यांपैकी कुणीच नव्हते. कलम १३ त्यांना थेट दार उघडून देत असेल तर ते घटनेनं दिलेल्यापेक्षा जास्त देतं आहे. मग पाळायचं काय, कलम १३ की घटना?

मार्शल यांचा युक्तिवाद घटनेच्या मजकुरावरच चालतो. घटना लेखी आहे, ती मर्यादा घालण्यासाठीच लिहिली आहे. साध्या कायद्यानं ती ओलांडता येत असेल तर लिहिली कशाला? पुढे उदाहरणं येतात. कोणत्याही राज्यातून निर्यात होणाऱ्या मालावर कर लावू नये, असं घटना म्हणते. उद्या कापूस, तंबाखू किंवा पिठावर असा कर लावला आणि वसुलीचा दावा आला, तर न्यायाधीशानं घटनेकडे डोळे मिटून फक्त कायदा वाचायचा का? राजद्रोहाला एकाच कृत्याचे दोन साक्षीदार किंवा उघड न्यायालयातली कबुली लागते, असं घटना सांगते. काँग्रेसनं एकच साक्षीदार पुरे असा कायदा केला, तर त्यावर फाशी द्यायची का? आणि न्यायाधीश ज्या घटनेची शपथ घेतो ती घटना त्याला उघडून बघताच येत नसेल, तर ती शपथ कसली? कायदा म्हणजे काय, हे सांगणं हे न्यायशाखेचं काम आणि कर्तव्य आहे, हे पुढे सतत उद्धृत झालेलं वाक्य या ओघात येतं. न्यायालय कायदेमंडळापेक्षा श्रेष्ठ आहे, असं त्यात कुठेही नाही. समोर दोन नियम आले आणि दोन्ही एकदम लागू होऊ शकत नाहीत, तर निकाल देणाऱ्याला एक निवडावाच लागतो, आणि घटना वरचा नियम आहे, एवढंच त्यात आहे.

न्यायालयानं रद्द केलं ते कलम खुद्द न्यायालयालाच अधिकार देणारं होतं. मॅडिसन यांच्याविरुद्ध आदेश नाही, त्यामुळे झुगारण्यासारखं काही उरलं नाही. एक छोटा अधिकार सोडून न्यायालयानं मोठा अधिकार सांगितला.

बीज आधीचंच

हे तत्त्व मार्शल यांना एका रात्रीत सुचलं, असं मात्र नाही. १६१० मध्ये इंग्लंडमध्ये डॉक्टर थॉमस बॉनम यांच्या खटल्यात न्यायमूर्ती एडवर्ड कोक यांनी लिहिलं, की पार्लमेंटचा कायदा सर्वमान्य न्यायबुद्धीच्या विरुद्ध असेल तर कॉमन लॉ, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडलेला कायदा, त्याला आवर घालील. लंडनच्या वैद्यकीय मंडळाला दंड करण्याचा अधिकार होता आणि दंडाची निम्मी रक्कमही मंडळालाच मिळे. स्वतःच्या प्रकरणात कुणीही स्वतः न्यायाधीश होऊ नये, हा कोक यांचा आक्षेप. इंग्लंडमध्ये हा विचार रुजला नाही, पार्लमेंटची सर्वोच्चता रुजली. अमेरिकी वसाहतींत मात्र तो वाचला गेला. १७६१ मध्ये बोस्टनला जेम्स ओटिस यांनी सरसकट झडतीच्या आदेशांविरुद्ध बोलताना त्याचाच आधार घेतला. शिवाय वसाहतींचे कायदे लंडनमधली प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे राजाचं सल्लागार मंडळ, फेटाळू शकत असे. म्हणजे कायद्याच्या वर आणखी एक कायदा असतो, ही सवय लोकांना होतीच. स्वातंत्र्यानंतर नॉर्थ कॅरोलायनाच्या न्यायालयानं १७८७ मध्ये बेयार्ड विरुद्ध सिंगल्टन या खटल्यात त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेविरुद्धचा कायदा लागू करायला नकार दिला. १७८८ मध्ये ॲलेक्झांडर हॅमिल्टन यांनी ‘फेडरलिस्ट’ या घटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या लेखमालेच्या ७८ व्या निबंधात जवळजवळ हाच युक्तिवाद मांडला : न्यायशाखेकडे ना तलवार, ना तिजोरी, फक्त निवाडा. १७९६ मध्ये घोडागाड्यांवरच्या कराची घटनात्मकता सर्वोच्च न्यायालयानं तपासलीही होती. कर वैध ठरला म्हणून गवगवा झाला नाही.

दोष कुठे आहे

कोक यांचं ते तत्त्व आठवलं की मार्बरी खटल्यात ठेच लागते. स्वतःच्या प्रकरणात न्यायाधीश होऊ नये, या विचारातून जो वृक्ष वाढला, त्याचं सर्वांत मोठं फळ अशा न्यायाधीशाच्या हातून आलं, ज्याच्या कचेरीत ती पत्रं राहिली होती. मोहोर लावली का, याचा सर्वांत पक्का साक्षीदार खुर्चीत बसलेला होता आणि त्याचा भाऊ प्रतिज्ञापत्र देत होता. मार्शल यांनी बाजूला व्हायला हवं होतं, असं मला वाटतं. त्या काळी संकेत वेगळे होते, हे उत्तर पुरेसं नाही, कारण सहाच दिवसांनी एका खटल्यात, खालच्या न्यायालयात आपणच तो चालवला होता म्हणून, मार्शल मत द्यायचे थांबले.

दुसरा आक्षेप कायद्याचा. कलम १३ मधला परमादेशाचा उल्लेख अपिलीय अधिकाराच्या वाक्यालगत येतो. न्यायालयाकडे प्रकरण अन्यथा योग्य रीतीनं आलेलं असेल तेव्हाच हा आदेश काढता येईल, असा त्याचा सरळ अर्थ लावता आला असता. मग घटनेला हात न लावता याचिका फेटाळता आली असती. ते विधेयक तयार करणाऱ्या सिनेट समितीत एल्सवर्थ होते आणि पॅटरसनही होते. हेच पॅटरसन १८०३ च्या खंडपीठावर बसले होते. आपण घटनेविरुद्ध काही लिहितो आहोत, असं १७८९ मध्ये त्यांना वाटलं असेल, हे पटत नाही. कायद्याचा घटनेशी जुळणारा अर्थ निघत असेल तर तोच घ्यावा, हा आज पुनर्विलोकनाचा मान्य नियम आहे. पहिल्याच मोठ्या निकालानं तो पाळला नाही.

आणि तो सहा दिवसांनंतरचा खटला. स्टुअर्ट विरुद्ध लेअर्ड, २ मार्च १८०३. इथे प्रश्न खरा झोंबणारा होता : १८०२ च्या कायद्यानं काँग्रेसनं न्यायालयंच मोडली, न्यायाधीशांच्या जागाच गेल्या, हे घटनेत बसतं का? वकील पुन्हा चार्ल्स ली. पॅटरसन यांनी थोडक्यात निकाल दिला : सर्किटची नवी व्यवस्था वैध. काढलेल्या न्यायाधीशांच्या मुद्द्याला न्यायालयानं हात घातला नाही. जिथे तत्त्व सांगायला किंमत पडत नव्हती तिथे ते ठणकावून सांगितलं, आणि जिथे पडली असती तिथे न्यायालय मागे सरलं. याला भित्रेपणा म्हणणारे आहेत. मी म्हणणार नाही. १२ मार्च १८०४ रोजी न्यायाधीश जॉन पिकरिंग यांना महाभियोगानं पदावरून काढलं गेलं. त्यानंतर सॅम्युअल चेस यांच्यावर महाभियोग आला. १ मार्च १८०५ रोजी सिनेटनं त्यांना निर्दोष सोडलं. चेस गेले असते तर पुढचा नंबर मार्शल यांचा, अशी भीती उघड बोलली जात होती. त्या दोन वर्षांत हे न्यायालय मोडलं असतं, तर २४ फेब्रुवारीचं निकालपत्र कुठल्यातरी जुन्या बाडात पडून राहिलं असतं.

अधिकार कशाच्या जोरावर उभा राहतो

जेफरसन यांचा विरोध निव्वळ वैयक्तिक नव्हता. तिन्ही शाखांना आपापल्या क्षेत्रात घटनेचा अर्थ लावण्याचा सारखाच अधिकार आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. अंतिम शब्द न्यायाधीशांना दिला तर थोड्या लोकांची सत्ता येईल, असं त्यांनी १८२० मध्येही लिहिलं. हा आक्षेप सर्वांत भयंकर रीतीनं खरा ठरला तो १८५७ मध्ये. काँग्रेसचा कायदा सर्वोच्च न्यायालयानं दुसऱ्यांदा रद्द केला तो ड्रेड स्कॉट खटल्यात, आणि गुलामगिरीला हद्द घालणारी तरतूद घटनाबाह्य ठरवली. कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असंही म्हटलं. तो निकाल पुसायला यादवी युद्ध आणि तेरावी, चौदावी घटनादुरुस्ती लागली. पुनर्विलोकनाचं मोल मानणाऱ्यानं हा निकाल नजरेआड करू नये. तोच अधिकार, तेच शब्द, आणि त्यातून एवढा अन्याय.

तरीही त्या अधिकाराची जागा दुसरं काही घेऊ शकलेलं नाही. १९५८ मध्ये आर्कान्सासच्या सरकारनं शाळांमधला वर्णभेद संपवणारा निकाल पाळायला खळखळ केली, तेव्हा न्यायालयानं मार्शल यांच्याच वाक्याचा आधार घेतला. १९७४ मध्ये अध्यक्ष रिचर्ड निक्सन आपल्या संभाषणांच्या ध्वनिफिती पुरावा म्हणून द्यायला तयार नव्हते. न्यायालयानं पुन्हा तेच वाक्य उद्धृत केलं, फिती द्याव्या लागतील असं एकमतानं सांगितलं, आणि त्या दिल्या गेल्या. १८०३ मध्ये मंत्र्याला एक कागद द्यायला लावण्याची ताकद नसलेलं न्यायालय १९७४ मध्ये अध्यक्षाकडून पुरावा मिळवू शकलं. मधल्या १७१ वर्षांत न्यायालयाकडे ना सैन्य आलं, ना खजिना. बदलली ती लोकांची सवय, की निकाल आवडला नाही तरी पाळायचा.

मार्बरींना ते पद कधीच मिळालं नाही. खालच्या न्यायालयात जाऊन ते दाद मागू शकले असते, गेले नाहीत. १८३५ मध्ये ते वारले, मार्शलही त्याच वर्षी. सरन्यायाधीशपदाच्या ३४ वर्षांत मार्शल यांच्या न्यायालयानं राज्यांचे अनेक कायदे रद्द केले, पण काँग्रेसच्या कायद्यातली तरतूद पुन्हा एकदाही नाही.